केस गळतात तेव्हा



एखाद्याला अभय द्यायचे झाले म्हणजे आपण म्हणतो, ‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.’ केस ही इतकी क्षुल्लक वस्तू, तिलाही इजा होणार नाही, असा त्याचा अर्थ. पण घरातल्या बाईचे केस मुठीमुठीने गळू लागले, म्हणजे ही वस्तू किती क्षुल्लक आहे ते कळते! मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मी डॉक्टर नाही. शिवाय विषय बायकांचा आणि बोलणारा पुरुष. तरीही आज हा विषय घेतला, याला दोन प्रसंग कारण झाले. एक माझ्या घरचा, दुसरा माझ्या वर्गातला. त्यानंतर जाणत्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, आणि जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

घरचा प्रसंग आधी सांगतो. माझी थोरली बहीण खेड्यात असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो, तर आक्काने डोक्यावरचा पदर काही केल्या ढळू दिला नाही. ओवाळून झाल्यावर तिने मला आत बोलावले आणि कोनाड्यातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत केसांचा मुठीएवढा गुंता होता.

“पंधरा दिवसांचे आहेत रे,” ती म्हणाली. “अजून दोन महिने असंच चाललं तर डोक्यावर काय राहील? पोरीच्या लग्नात मी काही पुढं पुढं करायची नाही. तूच बघ सगळं.”

शेजारणीने तिला सांगितले होते की हा बोअरच्या पाण्याचा दोष आहे. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. आठवडी बाजारातल्या एकाने बाराशे रुपयांचे तेल गळ्यात मारले. ते तेल संपले, केस मात्र गळतच राहिले.

मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आक्काचे डोके नीट पाहिले, चार केस ओढून पाहिले, आणि तेलपाण्याची चौकशी न करता विचारले, “मावशी, तीन महिन्यांपूर्वी तुम्हांला काय झालं होतं?”

आक्का म्हणाली, “काही नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “श्रावणात तेवढा डेंग्यू झाला होता. दहा दिवस अंथरुणावर होते.”

“मग हे श्रावणातले केस आहेत,” बाई म्हणाल्या.

श्रोतेहो, श्रावणातला ताप आणि दिवाळीतले केस यांचा संबंध कसा, हेच आज मला मुख्यतः सांगायचे आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग त्याची वाढ थांबते. तो सुमारे तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो, आणि त्यानंतर गळतो. त्याच जागी नवा केस उगवतो. दहांतले नऊ केस कामावर आणि एक विसाव्याला, असा हा हिशेब असतो. त्यामुळे निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. ते विखरून गळतात, म्हणून लक्षात येत नाहीत.

आता दुष्काळी साल आठवा. दुष्काळात शहाणा घरधनी भाकरीचा खर्च तोडत नाही, घरातले लग्नकार्य पुढे ढकलतो. शरीरही तसेच वागते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, फार रक्त जाणे, पोटाला नीट न मिळणे, किंवा घरातले कोणी अचानक जाण्याचा धक्का, असे काही झाले की शरीर आपली शक्ती हृदयाला, मेंदूला राखून ठेवते आणि केस वाढवण्याचे काम थांबवते. एरवी दहांत एक केस विसाव्याला जायचा, तिथे तीन-तीन, चार-चार एकदम जातात. हे घडते तापात. पण विसाव्याला गेलेला केस दोन-तीन महिने डोक्यावरच असतो. तो गळतो तेव्हा बाई हिंडूफिरू लागलेली असते, ताप विसरलेली असते, आणि दोष येतो कालच्या साबणावर नाहीतर परवाच्या पाण्यावर.

बाळंतिणीचेही असेच. गरोदरपणी केस कमी गळतात, डोके भरदार दिसते. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी ते राहिलेले केस एकदम गळतात. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका म्हणत, बाळ हसायला लागले की आईचे केस जातात. काळ त्यांनी बरोबर हेरला होता. दोष मात्र बाळाचाही नाही आणि त्याच्या हसण्याचाही नाही.

आणखी एक गोष्ट. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. बाई घाबरते, ‘मूळच उपटून आले!’ तसे नसते. तो विसावलेल्या केसाचा बुडखा. मूळ डोक्यातच शाबूत राहते आणि तिथून नवा केस वर येतो. म्हणून या प्रकारची गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा तीस सेंटिमीटरची वेणी पुन्हा व्हायला अडीच वर्षे लागणार, एवढा धीर धरायला हवा.

मग काहीच करू नये काय? करावे. पहिले म्हणजे रक्त तपासून घ्यावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरांत सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. शरीरातले लोह घटले की केसांना बळ मिळत नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी केस विरळ होतात, आणि सोबत थकवा, अंगाला सूज, थंडी न सोसणे अशा तक्रारी असतात. या दोन्ही गोष्टी साध्या तपासणीत कळतात, आणि दोन्हींवर औषध आहे.

दुसरे, पोटभर आणि नीट जेवावे. केस प्रथिनांचा बनतो. तेव्हा डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, आणि चालत असेल तर अंडी व मासे, यांतले रोज काहीतरी पानात पडावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देण्याची आपली रीत चांगली आहे, हळिवात लोह भरपूर असते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई आणि आठवड्यात तीन उपास करणारी बाई, या दोघींचे केस तेलाने सुधारणार नाहीत.

तेलाने केस मऊ राहतात, तुटत नाहीत, गुंता होत नाही. जरूर लावावे. पण तेल मुळाशी नवा केस उगवत नाही. डोके भादरल्याने केस दाट येतात, हाही समजच. आणि केस गळतात म्हणून नहाणे टाळू नये. आठ दिवसांनी न्हाले की आठ दिवसांचे सुटलेले केस एकदम हाती येतात, इतकेच.

सगळीच गळती मात्र अशी आपोआप थांबणारी नसते. भांग वर्षानुवर्षे रुंद होत चालला असेल, तर तो बहुधा आनुवंशिक प्रकार. त्यावर मिनॉक्सिडिल नावाचे लावायचे औषध आहे. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, धीराने वापरावे, आणि गरोदरपणी घेऊ नये. कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले असतील, तर घट्ट वेणी किंवा ओढून बांधलेला अंबाडा हे कारण असू शकते. वेणी सैल करावी. फार वर्षे ओढ बसली तर ते केस परत येत नाहीत. डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा झाली, तर ती चाई. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच तिथे चुकून केसांवर उलटते. चाई कोणाची कोणाला लागत नाही. पण लहान मुलाच्या डोक्यावर कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस दिसले, तर तो नायटा असू शकतो. तो लागतो, आणि त्याला पोटात घ्यायचे औषध हवे. डोक्याची आग, दुखणे, पू किंवा व्रण असेल तर एक दिवसही दवडू नये.

आता वर्गातला प्रसंग. सांगताना मला संकोच वाटतो, पण शिक्षक बंधुभगिनी ऐकत आहेत म्हणून सांगतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी रोज डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळून शेवटच्या बाकावर बसे. एके दिवशी मी भर वर्गात म्हणालो, “काय हो, वर्गात काय ऊन लागतंय?” वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने आमच्या एक सहकारी बाई तिच्या घरी जाऊन आल्या तेव्हा कळले की तिला चाई झाली होती. मी तिच्या घरी गेलो, तिची आणि तिच्या वडिलांची माफी मागितली. ती परत आली हा तिचा मोठेपणा. त्या एका वाक्याने मुलीचे शिक्षण सुटले असते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. डोके झाकून आलेल्या मुलीला चारचौघांत कारण विचारू नका. दोन वेण्यांचा नियम असेल तर असू द्या, पण त्या ओढून घट्टच बांधल्या पाहिजेत असा आग्रह धरू नका. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती मुली खरोखर घेतात की दप्तरात टाकतात, तेवढे पाहा. आणि चाई लागत नाही हे वर्गाला एकदा स्वच्छ सांगा.

एक शेवटची गोष्ट, गावाच्या दृष्टीने महत्त्वाची. २०२४च्या डिसेंबरात आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव भागातल्या काही गावांत बायाबापड्यांचे, पुरुषांचे, पोरांचे केस थोड्या दिवसांत गळून टक्कल पडले. आधी संशय आला पाण्यावर. सरकारी पथके आली, नमुने घेतले गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला. त्यांना तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम हे खनिज फार अधिक आढळले, आणि त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला हवे असते, पण अगदी कणभर. ते जास्त झाले की केस जातात, नखेही बिघडतात. तेव्हा ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मनाने खाऊ नयेत, आणि एकाच गावात अनेकांचे केस गळू लागले तर तर्क लढवत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. त्या घरांशी येणेजाणे तोडू नये.

आक्काचे काय झाले, असे आपण विचाराल. तिच्या रक्ताची तपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पौषात गळती कमी झाली. माघात लग्न झाले. वेणी निम्मीच होती, तिच्यावर गजरा माळून आक्का मांडवभर फिरत होती. मी जवळ गेलो तर तिच्या कपाळावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, बाळाच्या जावळासारखे बारीक केस उभे होते.

तेव्हा माझ्या बहिणींनो, केस अचानक गळू लागले तर तेलवाल्याकडे जाण्याआधी तीन महिने मागे वळून पाहा. ताप होता का, बाळंतपण होते का, घरात काही दुःख झाले का, जेवण सुटले होते का, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. आणि घरातल्या पुरुषांनो, ही पुडी तिने तुम्हांला दाखवली, तर हसू नका. तिला घेऊन दवाखान्यात जा.