येळवस: लहान मुलांच्या ताटात भज्जी, आंबील कशी वाढायची?

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. बाजारपेठ बंद असते, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि सगळे शेताकडे निघतात. हीच वेळ अमावस्या, म्हणजे बोलीत 'येळवस'. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत ती साजरी होते. सीमेपलीकडे कर्नाटकात याच दिवशी 'एळ्ळ अमावस्या' असते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ.

शेतात नेमकं काय होतं?

कडब्याची कोप उभारून त्यात पाच पांडव आणि लक्ष्मीची पूजा होते. रब्बीच्या उभ्या पिकावर आंबील शिंपडली जाते आणि मग पंगत बसते. शेत नसलेल्यांनाही आग्रहाने बोलावलं जातं. ज्यांना गावी जाता येत नाही, ते घरीच किंवा गच्चीवर हा बेत करतात.

बेतात काय असतं?

भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील, गव्हाची खीर आणि तीळ किंवा शेंगदाण्याच्या पोळ्या. तूर, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, मेथी-चुक्यासारख्या पालेभाज्या, शेंगदाणे, बेसन आणि चिंच असं सगळं भज्जीत एकत्र शिजतं. हिवाळ्यात शेतात जे पिकतं, तेच ताटात येतं.

मग मुलांसाठी काळजी कशाची?

बेत पौष्टिक आहे. धोका आहे तो अख्ख्या दाण्यांचा. लहान मुलांना दाणे नीट चावता येत नाहीत आणि त्यांची श्वासनलिका अरुंद असते. शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा त्यात अडकू शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. शेतात पळता पळता हरभरा सोलून खाणाऱ्या लहानग्यांवरही लक्ष हवं.

वाढायचं कसं?

• तिखट घालण्याआधीच मुलांपुरती भज्जी वेगळी काढावी, दाणे मऊ शिजवून घोटावेत. शेंगदाण्याचं बारीक कूट घालावं.
• उंडा भज्जीत कुस्करून मऊ करावा.
• आंबीलही मिरची घालण्याआधी बाजूला काढावी. ती मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट ताक कळकतं.
• दोन वर्षांखालील मुलांसाठी खीर गूळ न घालता वेगळी काढावी. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये.
• सहा महिन्यांखालील बाळाला 'नुसतं बोट चाटवणं'ही नको. त्याला आईचं दूधच पुरेसं असतं.
• शेंगदाणा पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्यावा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

घशात दाणा अडकलाच तर?

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. दिसत नसलेला दाणा काढायला तोंडात बोट घालू नये, तो आणखी आत जातो. खोकला किंवा आवाज निघत नसेल तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच वेळा थापटावं आणि दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ वर फोन लावावा. म्हणूनच मुलांना पंगतीत बसवूनच खाऊ घालावं. खेळता खेळता घास नको.

येळवशीला मुलं जेवणाबरोबरच ते कुठून येतं हेही पाहतात. त्यांचं ताट थोडं वेगळं वाढलं, तरी बसायचं एकाच पंगतीत.