इंदापूर पडद्याबाहेर!

उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधे इंदापूर तालुका, पश्चिमेला बारामती. हा नकाशा इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून एसव्हीजी या प्रकारात वेबपानावर चढवला, की फायलीत ठिपके नव्हे, रेषांचे निर्देशांक जातात. त्यामुळे कितीही मोठा करा, उजनी जलाशयाचा काठ फाटत नाही.

गोची आकाराची. रुंदी ८०० पिक्सेल, उंची ४०० एवढंच लिहिलं, तर ३६० रुंदीच्या मोबाइलवर बारामती दिसते, इंदापूर गायब! त्यासाठी २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजीतच ‘व्ह्यूबॉक्स’ची सोय आहे. त्यात ‘० ० ८०० ४००’ ही चौकट नेमायची, रुंदी १०० टक्के ठेवायची. मग ३६० रुंदीला १८० ही उंची ब्राउझरच काढतो.

अक्षरंही आकसतात मात्र. १४ आकाराचं ‘भिगवण’ हे गावाचं नाव जेमतेम सहावर येतं, मग शोधा चष्मा! म्हणून मोबाइलसाठी गावं मोजकी आणि नावं ठळक असा वेगळा नकाशाच काढावा लागतो.