मातीतला मीना : आपल्या बिल्ल्यांची हकीकत

यंदाच्या मेळाव्यात प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या छातीवर एक निळा बिल्ला लावला जाणार आहे. त्याचा नमुना पाहून, तांब्यावर मीनाकाम केलेले हे बिल्ले संस्थेने कोठून करवून घेतले, असे अनेकांनी आम्हांस विचारले. बिल्ला तांब्याचा नाही आणि त्यावरचा मीनाही खरा नाही. पॉलिमर क्ले नावाच्या कृत्रिम मातीचे हे काम असून ते आठवी-नववीच्या मुलामुलींनी वसतिगृहाच्या पडवीत बसून केले आहे. ते कसे केले हे सांगावे, आणि या उपक्रमावर पालकसभेत जो आक्षेप घेतला गेला त्याचीही प्रामाणिक नोंद राहावी, म्हणून हा लेख.

प्रथम खऱ्या मीन्याविषयी. आमच्या पिढीला मीना ओळखीचा होता तो दागिन्यातून नव्हे, ताटातून. वसतिगृहात आम्ही जेवलो ती ताटे पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची. ताट आपटले की टवका उडे आणि खालचे काळे लोखंड दिसे. इनॅमल म्हणजे काय, ते त्या टवक्यात पुरते कळते : धातूवर वितळवून बसवलेली काच. काचेची भुकटी धातूवर पसरून ती साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत घातली की ती वितळून धातूला घट्ट धरते. कोबाल्टमुळे निळा, तांब्यामुळे हिरवा वा मोरपंखी रंग येतो. कथिलाच्या भस्माने काच अपारदर्शक होते. रेल्वे स्थानकांवरच्या जुन्या पाट्या आणि जयपूरचा मीना यांचे शास्त्र एकच आहे, फरक धातूचा आणि हाताचा.

ही कला जुनी. सायप्रस बेटावर कूक्लिया येथे सापडलेल्या मीन्याच्या सोन्याच्या अंगठ्या इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातील आहेत. आपल्याकडे ती मुघल काळात बहरली. राजा मानसिंहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून कारागीर आमेरला आणले असे परंपरा सांगते, आणि पुढे जयपूर हे तिचे मोठे केंद्र झाले. कुंदनाच्या दागिन्यात खडे पुढच्या बाजूस व मीना मागच्या बाजूस असतो, म्हणजे जो भाग केवळ अंगाला लागतो त्यावरच सर्वांत नाजूक काम. इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “मग सर, ते बघायचं कोणी?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून सापडलेले नाही.

मीन्याची घडण दोन-तीन प्रकारांची असते. एकात धातूवर बारीक तारा उभ्या बसवून कप्पे करतात व त्यांत रंग भरतात. दुसऱ्यात धातूच कोरून खळगे करतात. तिसऱ्यात खळग्याच्या तळाशी नक्षी उमटवून वर पारदर्शक काच ओततात, त्यामुळे प्रकाश आत जाऊन नक्षीवरून परततो आणि रंग खोल दिसतो. आमच्या बिल्ल्यात या तिन्हींची उसनवारी आहे.

उसनवारी म्हटली की ‘नकली’ हा शब्द पाठोपाठ येतो. परंतु नक्कल ही मीन्याच्या घरातलीच गोष्ट आहे. रंगीत काच स्वतःच माणिक-पाचूची जागा घेण्यासाठी दागिन्यात शिरली. राजस्थानातील प्रतापगढचे थेवाकाम पाहावे : रंगीत काचेवर सोन्याच्या पातळ पत्र्याची जाळीदार नक्षी बसवलेली असते, आणि लांबून पाहणारा त्यास मीनाच समजतो. आज तो खोटा मीना म्हणून नव्हे, थेवा म्हणून ओळखला जातो. मराठीत मात्र आपण ‘बेगडी’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. बेगड म्हणजे सजावटीचा चकचकीत पातळ पत्रा; तो स्वतःला कधी सोने म्हणवत नाही, म्हणवतो तो विकणारा. बिल्ला मीन्याचा असल्याचे कोणासही सांगू नये, एवढा नियम आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता.

आता मातीविषयी. तिला माती म्हणणे ही केवळ सोय. तिच्यात मातीचा कणही असणे आवश्यक नाही. आपल्या नळांचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात त्याचीच बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण होय. हवेत ते वाळत नाही. सुमारे ११० ते १३० अंशांवर तापवले की भुकटीचे कण ते द्रव्य शोषून घेऊन एकमेकांत मिसळतात व वस्तू कायमची टणक होते. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकर्त्या केटे क्रूझे यांच्या कन्येने बाहुल्यांच्या चेहऱ्यांसाठी अशा द्रव्यावर काम केले. तिच्या ‘फिफी’ या लाडक्या नावावरून ‘फिमो’ हे नाव पडले आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिलींच्या कंपनीने ते हाती घेतले. खरा मीना जेथे साडेसातशे अंश मागतो तेथे ही माती एकशे तीसवर भागवते. शाळेच्या दृष्टीने सारा फरक येथेच पडतो, कारण आपल्याकडे भट्टी नाही. एका माजी विद्यार्थ्याने दिलेली छोटी विजेची ओटीजी भट्टी मात्र आहे.

कृती अशी. तीन सेंटिमीटर व्यासाचे चित्र आधी लिनोच्या तुकड्यावर कोरले. लिनोत जेथे कोरावे तेथे मातीवर उंच रेघ उमटते, आणि याच उंच रेघा पुढे मीन्याच्या तारांचे काम करतात. अक्षरे मात्र आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. पहिल्या ठशात ती आम्हीच सुलटी कोरली आणि शाळेचे नाव उलटे उमटले. मुलांना त्या दिवशी जो आनंद झाला तो निकालाच्या दिवशीही होत नसावा. चित्रासाठी चक्र घेतले. चोवीस आऱ्यांचे चक्र एवढ्याशा जागेत गिचमिड होते, म्हणून आठ आऱ्यांचे. भोवतीची पट्टी कोंदाणे लेण्याच्या दर्शनी भागावरील कठड्याच्या नक्षीवरून घेतली.

काळी माती हाताने दहा मिनिटे मळून मऊ करावी, गुळगुळीत लादीवर लाटण्याने तीन मिलिमीटर जाड लाटावी, ठशाला किंचित टाल्कम पावडर लावून तो सरळ खाली दाबावा आणि तसाच सरळ उचलावा. ५७ ग्रॅमच्या एका पाकिटात दहा-बारा बिल्ले होतात. खळग्यांच्या तळाशी बोटाने रुपेरी अभ्रकाची पूड चोळावी. प्रकाश परतवणारी धातूची जमीन ती हीच. उंच रेघांवर सोनेरी पूड. मग पहिली भाजणी, १३० अंशांवर अर्धा तास.

थंड झाल्यावर रंग. याच मातीचा एक द्रव प्रकार मिळतो, दिसायला घट्ट दुधासारखा. त्यात ट्यूबमधील निळा तैलरंग टाचणीच्या टोकाएवढाच मिसळावा. रंग जास्त झाला की पारदर्शकता जाते आणि मीन्याऐवजी ऑइलपेंट दिसू लागतो. हा द्रव दातकोरण्याच्या टोकाने खळग्यात सोडावा, वीस मिनिटे स्वस्थ ठेवावा, वर आलेले बुडबुडे सुईने फोडावेत आणि पुन्हा भाजावे. एकच जाड थर दिल्यास तो ढगाळ होतो. पातळ तीन थर व तीन भाजण्या हेच योग्य. दुसऱ्या थरानंतर आऱ्या पाण्याखाली असल्यासारख्या दिसू लागतात, तेव्हा मुले आपसूक गप्प होतात.

शेवटी घासणे. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून हजारपर्यंत, नेहमी पाण्यात बुडवून, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. मग जीन्सच्या जुन्या तुकड्याने चोळावे आणि पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचा एक हात द्यावा. नखांची पॉलिश लावू नये. तिच्यातील द्रव्याने माती काही दिवसांनी चिकट होते.

एक चूक येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. भट्टीच्या बटणावरील आकड्यांवर आम्ही विश्वास ठेवला. आत तापमान बरेच अधिक होते. एक संपूर्ण ताटली तपकिरी पडली आणि डोळे झोंबणारा वास सुटला. पीव्हीसी करपले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, हे ठाऊक असूनही आम्ही भट्टी खिडकीपासून दूर ठेवली होती. मुलांना तत्काळ मैदानात नेले. कोणास इजा झाली नाही, परंतु दोष सर्वस्वी आमचा होता. तेव्हापासून आत वेगळा तापमापक असतो, भट्टी पडवीत असते, भाजताना शेजारी एक शिक्षक असतोच, आणि त्या भट्टीत वा त्या ताटल्यांत अन्न कधीही ठेवले जात नाही.

आता आक्षेप. पालकसभेत अंबरनाथहून आलेल्या एक आई उभ्या राहिल्या. “सर, पोरीला शिकायला पाठवलंय, माती मळायला नाही. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर तेच केलं.” सभागृहात शांतता पसरली. पिढीजात धंद्यात मान अडकवून ठेवणे हीच जातीची रीत, आणि त्यातून मान सोडवून घेण्यासाठीच बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला; हे आम्हीच वर्गात शिकवतो. त्यामुळे त्या माउलींना उत्तर देताना आमची वाचा थोडी अडखळली, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही म्हणालो ते असे. जयपूरच्या मीन्याचे ज्ञान दीर्घकाळ घराण्यांत राहिले. रंगांचा क्रमसुद्धा, म्हणजे ज्याला अधिक उष्णता लागते तो आधी व नाजूक लाल शेवटी, बापाकडून मुलाला मिळे. पोटासाठी जन्माने गळ्यात पडलेले काम आणि कुतूहलाने हाती घेतलेले काम एक नव्हे. येथे प्रत्येक मूल आळीपाळीने कोरते, मळते, भाजते, घासते आणि ताटल्याही धुते. ठरावीक मुलांकडे ठरावीक काम आम्ही राहू दिले नाही. शिवाय कण तापल्यावर का जुळतात, हे वहीत लिहिल्याखेरीज कोणाला भट्टीजवळ येता येत नाही. बाई पूर्ण पटल्या असे म्हणता येणार नाही. “परीक्षेच्या महिन्यात नको,” एवढे त्या म्हणाल्या, आणि ते आम्ही मान्य केले. फेब्रुवारी व मार्चमध्ये भट्टी बंद असते.

त्याच सभेत, बिल्ल्यावर करणाऱ्याचे नाव असावे का, हा प्रश्न निघाला. कर्जतजवळचे कोंदाणे लेणे आपल्याच लोहमार्गाच्या बाजूला आहे. मुलांना आम्ही तेथे नेतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी, एका मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मीत एक छोटा लेख आहे : कण्हाचा शिष्य बालक याने हे केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर. मूर्तीचा बराच भाग झिजून गेला, नाव राहिले. त्या लेखाचे छायाचित्र पालकांना दाखवले आणि प्रश्न मिटला. आपण बिल्ला उलटा करून पाहावा. मागे सुईने कोरलेली दोन अक्षरे आहेत, ती तो करणाऱ्या मुलाची वा मुलीची. मेळाव्यात ती मुले पाणी देण्यासाठी फिरत असतील. अक्षरे दाखवून विचारल्यास सापडतील.

ज्या माजी विद्यार्थ्यांना घरी हे करून पाहावयाचे असेल त्यांना एकच सूचना उरली. उरलेली कच्ची माती कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये. तिच्यातील द्रव्य तसली डबी विरघळवते. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळावी आणि उन्हापासून दूर ठेवावी. बदलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती न भाजताच ठिसूळ होऊ लागते. आपल्याकडे ती ग्रंथालयात, पाण्याच्या माठाच्या तिवईखाली ठेवलेली आहे.