दुखणे तेच, पण धाक कमी?

वर्षानुवर्षे कंबर किंवा डोके दुखणाऱ्या बाईला घरात दोनच वाक्ये ऐकू येतात : ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ आणि ‘तू फार मनाला लावून घेतेस.’ तिचे दुखणे मात्र खरे असते. तीन महिन्यांहून अधिक मुक्काम ठोकलेली वेदना केवळ हाडामांसात राहत नाही. भीती, जागरण आणि निराशा तिला खतपाणी घालतात आणि मेंदूला दुखण्याची जणू सवयच जडते.

ही सवय मोडण्यासाठी संशोधक आता एका बदनाम कुळाकडे वळले आहेत : एलएसडी आणि काही अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन.

कल्पना नवी नाही. १९६४ साली शिकागोच्या डॉ. एरिक कास्ट यांनी असह्य वेदना सोसणाऱ्या ५० गंभीर रुग्णांना एलएसडी दिले. नेहमीच्या दोन तीव्र वेदनाशामकांपेक्षा त्याचा आराम जास्त वेळ टिकला. पुढे नशेसाठी गैरवापर वाढला, १९७० मध्ये अमेरिकेने कडक कायदा केला आणि संशोधन थंडावले.

२०२० साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ निरोगी व्यक्तींपैकी प्रत्येकाला बर्फगार पाण्यात हात धरायला सांगितले होते. २० मायक्रोग्रॅम एलएसडी घेतल्यावर त्यांना तो अधिक वेळ धरता आला. मात्र हे निरोगी लोक होते. जुनाट दुखण्याच्या रुग्णांवरील अभ्यास अजून लहान आहेत.

शिवाय ही घरी न्यायची गोळी नव्हे. आधी बैठका, मग औषधाच्या दिवशी शांत खोली, डोळ्यांवर पट्टी, मंद संगीत आणि कित्येक तास शेजारी बसलेले प्रशिक्षित उपचारक. नंतर अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा बोलणे. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा घरात इतिहास असलेल्यांना आणि गंभीर हृदयरोग्यांना सहसा यातून वगळतात.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ही द्रव्ये बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा कोणी चोरून आणून दिली, तरी प्रयोग करू नये. वेदनोपचार तज्ज्ञ, नियमित व्यायाम आणि समुपदेशन हे मार्ग आजही खुले आहेत.

आणि आणखी एक गोष्ट घरच्यांच्या हाती आहे. तिच्या शेजारी बसून ‘तुझे दुखते, हे आम्हाला पटते’ एवढे म्हणायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.