दारात शिरणारे पाणी आणि त्याची वाट

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याला कर्जतचा फाटा जिथे फुटतो, त्या चौक गावाच्या आसपास माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगडाच्या डोंगरांना अडून पाऊस असा कोसळतो की, रायगड जिल्ह्याची ३००० मिलिमीटरच्या आसपासची वार्षिक सरासरी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच भरून निघते. अशा हवेत जुनी मोटार जपायची तर इंजिनाइतकेच लक्ष दारांकडे द्यावे लागते. कारण काचेची रबरे सुकली की गंज धरतो तो बहुधा दाराच्या तळापासून, आणि रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्ला गेलेला असतो.

या दृष्टीने प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण बोलके आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० डिलाइटचे उत्पादन १९६४ पासून होऊ लागले, १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली गेली आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज तिच्या दाराचे रबर बदलू पाहणाऱ्याला अनेकदा मीटरवर मिळणाऱ्या रबरातून जुन्या तुकड्याच्या आडव्या छेदाशी जुळणारा नमुना निवडावा लागतो, आणि हा छेद ओळखण्यासाठी प्रत्येक रबराचे काम ठाऊक असणे आवश्यक ठरते.

वरखाली होणारी काच दोन्ही बाजूंनी ज्या खाचेतून सरकते तिला चॅनेल म्हणतात. तिच्या आत फेल्टचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारख्या कापडाचे अस्तर असते आणि ते काच खडखडू देत नाही. काच जिथून दाराच्या पोटात उतरते त्या फटीच्या बाहेरच्या कडेला बीडिंग असते, म्हणजे क्लिपांनी बसवलेली धातूची पट्टी आणि तिच्या आतल्या अंगाला काच पुसत राहणारे रबर किंवा फेल्ट. तिसरे रबर दार आणि चौकट यांच्यामध्ये दबून हवा व पाणी अडवते. मात्र बीडिंग नवीकोरी असली तरी काचेवरून ओघळणारे थोडे पाणी आत जातेच, आणि हे गृहीत धरूनच दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. रबराने पाण्याचा भर कमी करायचा आणि भोकांनी उरलेले पाणी बाहेर काढायचे, अशी ही वाटणी असल्यामुळे भोके चिखलाने बुजलेल्या दाराला कितीही महागडे रबर लावले तरी त्याचा उपयोग होत नाही.

रबर बिघडण्याचे कारण रसायनात आहे. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळ्यांतील दुहेरी बंधांवर हवेतील ओझोन आघात करतो, त्यामुळे ताणलेल्या भागावर आडव्या भेगा पडतात आणि ऊन त्यात भर घालते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ते ऊनपावसात अधिक टिकते. परंतु खनिज तेलाने ते फुगते, म्हणून त्यावर इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस न लावता साबणाचे पाणी अथवा सिलिकॉन वापरणे योग्य होय.

बदलाचे काम काच फिरवण्याचे हँडल आणि आतले पॅनेल काढण्यापासून सुरू होते. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद अनेक जण फाडून टाकतात. वास्तविक दारात उतरलेले पाणी पुठ्ठ्याच्या पॅनेलपर्यंत पोहोचू न देणारा तोच पडदा असल्याने तो फाटला असेल तर नवा चिकटवावा लागतो. बीडिंग उचकटताना पेचकसाऐवजी लाकडाची पातळ पाचर वापरली तर पट्टी वाकत नाही आणि कडेचा रंग उडत नाही. क्लिपांच्या भोकांभोवती उघडा पडलेला पत्रा घासून त्यावर प्रायमर देण्याची पायरी वगळल्यास नवी पट्टी जुन्याच गंजावर बसते. नवे रबर ताणून बसवू नये, कारण कालांतराने ते आखडते आणि कोपऱ्यात फट राहते. म्हणून ते किंचित लांब ठेवून, कोपऱ्यांत नीट दाबून मगच कापतात. प्रमाणाबाहेर जाड रबर घेतल्यास दार आपटूनच लागते, कुलपावर ताण येतो आणि काच चॅनेलमध्ये अडकून ती चढवणाऱ्या यंत्रणेचे दाते झिजतात.

सुट्या भागांच्या अस्सलपणाला आता कायद्याचेही वजन आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विंटेज क्रमांक मिळू शकतो, आणि १९७४ सालच्या पद्मिनींनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. म्हणून जुनी धातूची पट्टी सुस्थितीत असेल तर ती सरळ करून पुन्हा वापरणे आणि केवळ रबर बदलणे शहाणपणाचे ठरते.

काम झाल्यावर दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती ओढताना सर्वत्र सारखा अडथळा जाणवला तर रबर नीट दबले आहे असे समजावे. त्यानंतर काच चढवून तिच्यावर नळीने सावकाश पाणी सोडावे आणि तळाच्या भोकांखाली पाहावे: तिथून पाणी ठिबकत असेल आणि आतले पॅनेल कोरडे असेल, तरच ते दार चौकसारख्या गावचा पावसाळा काढण्याजोगे झाले असे म्हणता येते.