लॅपटॉप बदलण्याआधी डिस्क बदला

आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं लावतो, ब्राउझर उघडला की अडकतो आणि घरात नव्या लॅपटॉपची बोलणी सुरू होतात. खरेदीला निघण्याआधी टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कखाली काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘एचडीडी’ म्हणजे हार्ड डिस्क असेल आणि तुम्ही काही करत नसतानाही डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जाऊन बसत असेल, तर खोळंबा बहुधा तिथेच आहे. प्रोसेसर नुसता वाट बघत बसलेला असतो.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच्या तबकड्या फिरतात. लॅपटॉपमध्ये त्यांचा वेग बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती असलेला भाग फिरून समोर येईपर्यंत आणि वाचणारा दांडा त्या जागी सरकेपर्यंत थांबावंच लागतं. एका फाइलसाठी हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना तबकडीभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचते, आणि तिथे मिनिटं जातात. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीत फिरणारं काही नसतं. सगळं चिपमध्ये, त्यामुळे उत्तर मिलिसेकंदाच्याही अंशात येतं. जाहिरातीत सेकंदाला किती मेगाबाइट हेच ठळक छापतात, पण रोजच्या वापरात जाणवतो तो हा थांबण्यातला फरक.

विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघायलाच हवं. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी बसते. काहींत एम.टू खाच असते आणि लोक फसतात ते इथेच. एम.टू हा फक्त आकार. त्या आकाराच्या पट्ट्या साटा जोडणीच्याही असतात आणि एनव्हीएमई जोडणीच्याही, आणि प्रत्येक खाचेला दोन्ही चालतात असं नाही. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर थांबतो, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटाही भरपूर आहे.

आता विंडोज हलवण्याचं. नव्याने टाकली तर ती स्वच्छ मिळते, हे खरं. पण ज्यांच्या लॅपटॉपवर टॅली किंवा श्रीलिपीसारखा प्रोग्राम आहे आणि सीडी कुठे ठेवली ते आठवत नाही, त्यांनी क्लोनच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडायची आणि क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रामने सगळी डिस्क उतरवायची. सगळी म्हणजे फक्त सी ड्राइव्ह नव्हे. मशीन सुरू करून देणारा छोटा ईएफआय विभाग मागे राहिला, तर नव्या डिस्कवरून विंडोज उठणार नाही. एसएसडी क्षमतेने लहान असेल तर जुने विभाग आधी लहान करून घ्यावे लागतात.

त्याआधी दोन कामं टाळू नका. फोटो आणि हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरवा, कारण क्लोन करताना उगम आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दुसरं, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू आहे का ते तपासा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क मालकाच्या नकळतच कुलूपबंद झालेली असते.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर कोणत्या डिस्कवरून मशीन उठलं हेच कळत नाही. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असल्याने फक्त डिस्क बदलून तो सहसा जात नाही.

एसएसडीने सगळं सुटत नाही. रॅम ४ जीबीच असेल तर तीही वाढवा. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर लिनक्सचा विचार जरूर करा.

स्क्रू काढायचा धीर होत नसेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे काम करून देणारे आहेत. मात्र जुनी डिस्क तिथे सोडून येऊ नका. तुमचं सगळं अजून तिच्यावर आहे. नवी नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत ती पुसूही नका.