घरच्या संगणकावर प्रत्येकास मर्यादित खाते द्यावे



अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अनेक शेतकरी कुटुंबांच्या घरी आता संगणक आहे. त्यावर सातबारा काढला जातो, महाडीबीटीचे अर्ज भरले जातात, दुधाचा व मजुरीचा हिशेब ठेवला जातो. राहाता-संगमनेर भागातील डाळिंब बागायतदार फवारणीच्या व निर्यातीच्या नोंदीही त्यावरच ठेवतात. संध्याकाळी त्याच संगणकावर मुले अभ्यास करतात आणि खेळही खेळतात. बहुतेक घरांत ही सर्व कामे एकाच खात्यातून होतात आणि ते खाते प्रशासकाचे असते. एखाद्याने मोफत खेळ किंवा मोफत फाँट म्हणून भलताच प्रोग्रॅम उतरवून घेतला, तर वर्षानुवर्षांचा हिशेब एका दिवसात जाऊ शकतो. हे टाळण्याचा बिनखर्चाचा उपाय येथे दिला आहे.

प्रशासक खाते व मर्यादित खाते

विंडोज बसविताना जे पहिले खाते तयार होते ते 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे प्रशासकाचे असते. या खात्याला नवे प्रोग्रॅम बसविणे, काढणे, इतरांच्या फाइली पाहणे व विषाणूरोधक प्रोग्रॅम बंद करणे, असे सर्व अधिकार असतात. 'स्टँडर्ड' म्हणजे मर्यादित खात्याला मात्र स्वतःच्या फाइली, छपाई, इंटरनेट व बसविलेले प्रोग्रॅम वापरणे एवढेच अधिकार असतात. रोजच्या कामाला एवढे पुरते.

आपण सालगड्याला गोठ्याची व मोटारीच्या पेटीची किल्ली देतो, तिजोरीची देत नाही. त्याच्यावर विश्वास नसतो असे नाही, त्याच्या कामाला ती लागत नाही. संगणकाचेही तसेच आहे. कोणताही प्रोग्रॅम, चांगला असो वा वाईट, ज्या खात्यातून चालतो त्या खात्याचेच अधिकार त्याला मिळतात.

ही पद्धत नवी नाही. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून प्रशासक व सामान्य वापरकर्ता वेगळे आहेत. विंडोज ९५ व ९८ मध्ये अशी भिंत नव्हती. २००१ च्या एक्सपीमध्ये ती होती, पण घरोघरी सर्व खाती प्रशासकाचीच राहिली. २००७ च्या व्हिस्टापासून मोठा बदल करण्यापूर्वी विंडोज परवानगी विचारू लागले. प्रशासक खात्यात त्यासाठी केवळ 'येस' दाबावे लागते आणि घाईत ते कोणीही दाबतो. मर्यादित खात्यात मात्र प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो. तेथे मूल थांबते व वडीलधाऱ्यांना विचारते. हाच खरा फायदा होय.

एक बोलके उदाहरण

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि मुंबईजवळील जेएनपीटी बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. आपल्या भागातील कांदा व फळे याच बंदरातून परदेशी जातात. हा प्रोग्रॅम एखाद्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार मिळताच तेथील पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकांवर जात असे. अधिकार जितके मोकळे, तितके नुकसान मोठे, हा त्यातील धडा आहे.

खाती कशी तयार करावीत?

१) प्रथम हिशेब, फोटो व कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी.

२) विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स या क्रमाने जाऊन एक नवे खाते तयार करावे. 'चेंज अकाउंट टाइप' मधून ते ॲडमिनिस्ट्रेटर करावे व त्यास चांगला पासवर्ड द्यावा.

३) या नव्या खात्यात एकदा प्रवेश करून पाहावा. ते नीट उघडल्यावरच आपले जुने, रोजचे खाते 'स्टँडर्ड' करावे. हा क्रम चुकवू नये.

४) घरातील इतरांसाठी प्रत्येकी एक स्टँडर्ड खाते करावे. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा.

५) प्रशासकाचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा, संगणकावर चिकटवू नये. या खात्यातून इंटरनेट पाहू नये. ते फक्त प्रोग्रॅम बसविण्यासाठी व दुरुस्तीसाठी वापरावे.

६) सर्वांना लागणारे कागद 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवावेत. बँकेचे व हिशेबाचे कागद मात्र आपल्याच खात्यात ठेवावेत.

जुना प्रोग्रॅम चालत नसल्यास

काही जुने हिशेबाचे प्रोग्रॅम मर्यादित खात्यात अडतात. ते आपली माहिती प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात आणि तेथे लिहिण्याचा अधिकार या खात्याला नसतो. म्हणून सर्व खाती पुन्हा प्रशासकाची करू नयेत. प्रशासक खात्यातून त्या एकाच फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, सिक्युरिटी या भागात संबंधित खात्याला 'मॉडिफाय' अधिकार द्यावा. एका वाफ्याला पाणी द्यायचे तर त्याचेच बारे फोडावे, सारा पाट फोडू नये.

या उपायाच्या मर्यादा

मर्यादित खाते म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम मर्यादित खात्यातून चालला, तरी त्या खात्यातील फाइली बिघडवू शकतो. फसव्या संकेतस्थळावर आपणच बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी दिला, तर कोणतेही खाते वाचवीत नाही. म्हणून दर आठवड्यास प्रत घ्यावी व नंतर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. विंडोजच्या सुधारणा वेळेवर बसवाव्यात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात घ्यावे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

या सर्व कामास साधारण तासभर लागतो. पीक उभे राहिल्यावर कुंपण घालण्यापेक्षा पेरणीपूर्वीच घातलेले बरे. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या रविवारी घरातील सर्वांना सोबत बसवून हे काम उरकून घ्यावे.